शेजारच्या देशात जाणारी बुलेट ट्रेन: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सात हायस्पीड मार्ग जाहीर झाले. त्यांत मुंबई–पुणे आणि पुणे–हैदराबाद ही नावं आली आणि तेव्हापासून सोलापुरात टपरीवरच्या चहापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत बुलेट ट्रेनचाच विषय आहे. बोलणं पुण्यापासून सुरू होतं आणि बघता बघता सिंगापूर, पॅरिस, लंडनला पोचतं. एका देशातून दुसऱ्या देशात ताशी ३०० किलोमीटरने गाडी जाते तेव्हा पासपोर्ट कधी दाखवायचा? असे बेत मध्येच का फिसकटतात? यातलं आपल्या कामाचं किती? हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

दोन देशांमधली हायस्पीड रेल्वे कशाला म्हणायचं? वंदे भारत त्यात मोडते का?

नाही मोडत. जागतिक रेल्वे संघटनेचं मोजमाप असं आहे: खास बांधलेला नवा मार्ग असेल तर ताशी २५० किमी किंवा जास्त, जुना मार्ग सुधारून घेतला असेल तर साधारण २०० किमी. आपली मुंबई–सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. गाडी चांगलीच आहे, पण मुंबईपर्यंतच्या ४५५ किमीला ती साडेसहा तास घेते. जवळपास तेवढ्याच वेळात लोक पॅरिसहून बार्सिलोनाला पोचतात आणि ते अंतर हजार किमीच्या वर आहे.

लाओस–चीन रेल्वेलाही पुष्कळ जण बुलेट ट्रेन म्हणतात. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाचा लाओसमधला वेग ताशी १६० किमी आहे. दुर्गम डोंगरी देशाला तो फार मोठा आहे, हायस्पीडच्या व्याख्येत मात्र बसत नाही.

मग अशा खऱ्या गाड्या कुठे धावतात?

मुख्यतः पश्चिम युरोपात. लंडनहून खाडीखालच्या बोगद्यातून पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, पॅरिसहून ब्रसेल्समार्गे जर्मनीतलं कोलोन, पॅरिसहून बार्सिलोना. इंग्लंड–फ्रान्समधला चॅनल बोगदा ५०.४५ किमीचा आहे, त्यातला ३८ किमी समुद्राखाली. त्याचं उद्घाटन ६ मे १९९४ ला झालं आणि प्रवासी गाडी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुटली.

बाकी जगात बेत भरपूर आहेत. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया पोलंडला जोडणारी ८७० किमीची रेल बाल्टिका बांधली जाते आहे आणि २०३० चं लक्ष्य आहे. थायलंडमध्ये बँकॉक ते नाखोन राचासिमा या २५३ किमीच्या टप्प्याचं बांधकाम चालू आहे, पुढे तो लाओसच्या हद्दीला भिडवायचा आहे. आणि एक बेत असा, की करार झाला, जमीन घेतली, स्टेशनांची नावं ठरली, आणि रूळ एकही पडला नाही. त्याचीच गोष्ट पुढे.

सिंगापूर–क्वालालंपूर बुलेट ट्रेनचं काय झालं? माझा भाचा तिथे आहे, तो म्हणतो होणार होणार.

भाचा खोटं बोलत नाही, तिथे सगळेच गेली अनेक वर्षं हेच म्हणतात.

फेब्रुवारी २०१३ मध्ये मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाक आणि सिंगापूरचे ली सिएन लूंग यांनी ही रेल्वे जाहीर केली. १३ डिसेंबर २०१६ ला दोन्ही देशांत रीतसर करार झाला. मार्ग ३५० किमीचा. त्यातला तब्बल ३३५ किमी मलेशियात आणि अवघा १५ किमी सिंगापुरात. प्रवास ९० मिनिटांचा. आठ स्टेशनं: क्वालालंपूरचं बंदार मलेशिया, सेपांग-पुत्रजया, सेरेम्बान, मलाक्का, मुआर, बातू पहात, इस्कंदर पुतेरी आणि सिंगापुरातलं जुरोंग ईस्ट. २०२६ च्या अखेरीस गाडी सुटायची होती. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं, तर एव्हाना त्या गाडीच्या जाहिराती आपल्या मोबाइलवर आल्या असत्या.

मे २०१८ मध्ये मलेशियात सत्ता पालटली. महाथीर मोहम्मद पुन्हा पंतप्रधान झाले आणि आल्या आल्या त्यांनी देशाच्या कर्जाचा हिशेब मांडला. सप्टेंबर २०१८ मध्ये काम मे २०२० पर्यंत थांबवायचं ठरलं, त्यापायी मलेशियाने सिंगापूरला दीड कोटी सिंगापूर डॉलर भरले. मुदत पुन्हा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. त्या दिवसापर्यंत एकमत झालं नाही आणि करार संपला. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी दोन्ही पंतप्रधानांनी तसं निवेदन काढलं. मलेशियाला आणखी १० कोटी २८ लाख सिंगापूर डॉलर भरपाई द्यावी लागली.

२०२३ मध्ये मलेशियाने खासगी कंपन्यांना बोलावलं: सरकारचा पैसा न मागता बांधून दाखवा. जानेवारी २०२४ पर्यंत सात प्रस्ताव आले. भाच्याचं ‘होणार’ ते यावरून.

नुसता खर्च जास्त म्हणून मोडलं का?

खर्च होताच, पण शेवटची गाठ वेगळ्या जागी बसली होती. मूळ करारात दोन्ही देशांनी मिळून निविदा काढून एक मालमत्ता कंपनी नेमायची होती. गाड्या, रूळ, सिग्नल यंत्रणा पुरवणं आणि सांभाळणं हे तिच्याकडे. ती कोणा एका देशाची नसणार आणि दोघांनाही सारखीच उत्तरदायी राहणार. मलेशियाने खर्च कमी करायचा म्हणून ही कंपनीच काढून टाकायचं सुचवलं. सिंगापूरला ते पटलं नाही. ३३५ किमी रूळ शेजाऱ्याच्या हद्दीत, उद्या देखभालीत हयगय झाली तर विचारायचं कोणाला, हा त्यांचा मुद्दा.

माझ्या मते दोन देशांच्या रेल्वेत सगळ्यात अवघड काम हेच: सामाईक मालमत्तेचा धनी कोण, हे आधी लिहून काढणं. सामाईक विहिरीचं पाणी कोणी किती घ्यायचं आणि मोटार जळली तर वर्गणी कोणी काढायची, यावरून भावाभावांची बोलाचाल बंद झालेली आपण बघितली आहे. इथे विहिरीच्या जागी अब्जावधी डॉलर असतात, एवढाच फरक. पूल आणि बोगदे इंजिनिअर लोक बांधतात, आजवर बहुतेक ठिकाणी त्यांनी ते बांधून दाखवले आहेत.

पासपोर्ट कुठे तपासतात? सीमेवर गाडी थांबवून?

सीमेवर गाडी थांबवायची झाली तर ताशी ३०० किमीच्या वेगाचं करायचं काय! म्हणूनच हा प्रश्न अशा प्रकल्पाच्या मुळाशी असतो.

आपल्या भागाला ही भानगड नवी नाही. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात आणि तुळजापूर, नळदुर्ग निजामाच्या. १९४८ पर्यंत भवानीच्या दर्शनाला निघालेला सोलापूरकर दुसऱ्या सरकारच्या हद्दीत जायचा. तिकडचा हाली रुपया वेगळा, नाक्यावरची करोडगिरी, म्हणजे जकात, वेगळी. अंतर थोडंच, पण गाठोडं सोडून दाखवावं लागे.

आता लंडनचं बघा. सेंट पँक्रास स्टेशनवर गाडीत बसण्याआधी सामानाची तपासणी होते आणि मग फ्रेंच पोलीस पासपोर्ट बघतात. उभे तुम्ही लंडनमध्ये, पण फ्रान्समध्ये शिरण्याची परवानगी तिथेच मिळते. पॅरिसहून येताना उलटं, ब्रिटिश अधिकारी पॅरिसच्या स्टेशनवर बसलेले. त्यामुळे गाडीतून उतरल्यावर रांग नाही, बॅग उचलायची आणि थेट मेट्रोत बसायचं. एका देशाच्या भूमीवर दुसऱ्या देशाच्या पोलिसांना अधिकार द्यायचे म्हणजे त्यासाठी वेगळा तह करावा लागतो, आणि त्यांनी तो केला.

तह नसेल तर काय होतं हे ॲमस्टरडॅमला दिसलं. लंडनहून तिकडे थेट गाडी एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. येताना मात्र थेट गाडी नाही! नेदरलँड्सशी पासपोर्ट तपासणीचा करार झाला नव्हता, म्हणून परतीच्या प्रवाशाने ब्रसेल्सला उतरायचं, सामानासकट तपासणीच्या रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्या गाडीत बसायचं. रूळ तेच, गाडी तीच, तरी अडीच वर्षं हा प्रकार चालला. थेट परतीची गाडी ऑक्टोबर २०२० मध्ये सुटली.

सिंगापूर–मलेशियाच्या आराखड्यात तपासणीची तीन ठिकाणं ठरली होती: क्वालालंपूर, इस्कंदर पुतेरी आणि जुरोंग ईस्ट. तिन्ही जागी दोन्ही देशांचे अधिकारी शेजारी शेजारी बसणार आणि प्रवासी निघतानाच दोन्हीकडून मोकळा होणार. ती रेल्वे बारगळली, पण हीच पद्धत मलेशियातलं जोहोर बारू ते सिंगापूर या ४ किमीच्या छोट्या लाईनला वापरायची आहे. ही लाईन हायस्पीड नाही. ताशी प्रत्येक दिशेने १०,००० माणसं नेणारी ती मेट्रोसारखी सेवा आहे. मोठी रखडली आणि छोटी उभी राहिली. मला यात नवल वाटत नाही, कारण जोहोर बारूहून रोज पुलावरून सिंगापूरला कामाला जाणाऱ्या माणसाची गरज ठसठशीत दिसते.

लाओस–चीनचं एप्रिल २०२३ पासून असं चालतं: चीनमधल्या कुनमिंगहून लाओसमधल्या व्हिएन्टिआनला थेट गाडी, पण सीमेवर चीनच्या बाजूला मोहानला उतरायचं, पुन्हा लाओसच्या बाजूला बोतेनला उतरायचं. सुरुवातीला १,०३५ किमीला साडेदहा तास लागायचे, त्यातला बराच वेळ या दोन रांगांत जायचा.

रूळ दोन्ही देशांत सारखेच असतात ना?

कुर्डुवाडीच्या माणसाने हा प्रश्न विचारू नये!

बार्शी लाईट रेल्वे अडीच फुटी रुळांची होती, मेन लाईन साडेपाच फुटी. लातूरहून छोट्या वाघिणीतून आलेलं पोतं कुर्डुवाडीला हमालाच्या पाठीवर चढायचं आणि मोठ्या वाघिणीत उतरायचं. पंढरपूरला निघालेला वारकरीही मोठ्या गाडीतून उतरून छोटीत बसायचा. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बदललं की हे आलंच. पुढे या मार्गाचं टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झालं तेव्हा ही चढउतार संपली.

देशांचंही असंच असतं. स्पेनचे जुने रूळ १,६६८ मिलिमीटरचे, फ्रान्सचे १,४३५ चे. स्पेनने हायस्पीडसाठी वेगळं, फ्रान्सच्या मापाचं जाळं बांधायला घेतलं, म्हणून आज बार्सिलोनाची गाडी सरळ पॅरिसला जाते. बाल्टिक देशांकडे रशियन वळणाचे १,५२० मिलिमीटरचे रूळ आहेत. रेल बाल्टिका १,४३५ ची असल्यामुळे जुन्याला जोड देणं जमत नाही, सगळं शेजारी नव्याने घालावं लागतं. खर्च वाढण्याची इतरही कारणं आहेत, पण २०१७ मध्ये ५.८ अब्ज युरो सांगितलेला आकडा २०२४ मध्ये २४ अब्जांच्या जवळ गेला.

आपली मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनही १,४३५ ची आहे, तर भारतीय रेल्वेचं ब्रॉडगेज १,६७६ चं. म्हणजे बुलेट ट्रेन सोलापूरच्या सध्याच्या रुळांवरून धावू शकणार नाही, तिला स्वतःचा मार्ग लागेल. जाता जाता एक गंमत: या जिल्ह्याने ब्रॉडगेज पाहिलं, कुर्डुवाडीची नॅरोगेज पाहिली, होटगी–गदगची मीटरगेज पाहिली. स्टँडर्ड गेज आलं तर ते चौथं.

वीज आणि सिग्नलची काय अडचण असते?

प्रत्येक देशाने आपापल्या काळात आपापली वीज ठरवली. फ्रान्सचे हायस्पीड मार्ग २५ हजार व्होल्ट एसीवर, बेल्जियमचे जुने मार्ग ३ हजार व्होल्ट डीसीवर. इंग्लंडच्या दक्षिणेत तर २००७ पर्यंत लंडन–पॅरिसच्या युरोस्टार गाडीला ७५० व्होल्टच्या तिसऱ्या रुळावरून वीज घ्यावी लागायची आणि तिथे ती लोकलसारखी रेंगाळायची. त्यामुळे अशा गाडीत तीन-चार प्रकारच्या विजेवर चालणारी यंत्रणा आणि तितक्याच देशांचे सिग्नल वाचणारी उपकरणं बसवावी लागतात. गाडी जड होते, महाग होते.

नुसती महाग होऊन भागलं तरी बरं. ॲमस्टरडॅम–ब्रसेल्स मार्गासाठी ‘फिरा’ नावाची सेवा ९ डिसेंबर २०१२ ला सुरू झाली. जानेवारीत बर्फ पडला, गाड्यांच्या तळाचे भाग निखळू लागले आणि सुमारे सव्वा महिन्यात गाड्या बाहेर काढल्या, त्या पुन्हा आल्याच नाहीत. त्यासाठी बांधलेला सुंदर मार्ग मात्र तसाच होता. नवी गाडी घेताना ती आधी दोन हिवाळे पळवून बघावी, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. आधी कोणी म्हणालं नाही.

पैसा कोण घालतं?

याची तीन-चार उदाहरणं बघितली की अंदाज येतो.

चॅनल बोगदा सरकारी पैशाशिवाय, शेअर विकून आणि बँकांचं कर्ज काढून बांधला. खर्च अंदाजापेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी वाढला आणि शेअर घेतलेल्या सामान्य फ्रेंच माणसांचे हात पोळले.

फ्रान्समधल्या पर्पिन्याँपासून स्पेनमधल्या फिगेरेसपर्यंत ४४ किमीचा सीमेवरचा तुकडा एका खासगी कंपनीला बांधा-चालवा-वसूल करा या तत्त्वावर दिला. पिरेनीजखालच्या ८.३ किमीच्या बोगद्यासकट काम २००९ मध्ये झालं. पण पुढे फिगेरेस ते बार्सिलोना हा स्पेनचा सरकारी भाग तयारच नव्हता, तो जानेवारी २०१३ मध्ये सुरू झाला. तोवर बोगदा जवळजवळ रिकामा आणि कर्जाचं व्याज चालू. पॅरिस–बार्सिलोना थेट गाडी डिसेंबर २०१३ ला आली, मालगाड्या अपेक्षेइतक्या आल्याच नाहीत. २०१६ मध्ये कंपनी बुडाली आणि दोन्ही देशांच्या सरकारी रेल्वे कंपन्यांनी मिळून मार्ग ताब्यात घेतला. कंत्राटदाराने काम वेळेत केलं आणि बुडाला तोच, हे मला त्यातलं सगळ्यात कडू वाटतं.

लाओसच्या रेल्वेत सुमारे ६ अब्ज डॉलर लागले. कंपनीत चीनचा हिस्सा ७० टक्के, लाओसचा ३०. तो ३० टक्केही बराचसा चीनकडूनच कर्जाने घेतलेला.

आपल्या मुंबई–अहमदाबाद मार्गाचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा होता. त्यातला ८१ टक्के भाग जपानच्या ०.१ टक्का व्याजाच्या, ५० वर्षांच्या कर्जातून यायचा होता. असा सावकार प्रत्येक वेळी भेटत नाही.

विमान असताना रेल्वे कशाला? सिंगापूर–क्वालालंपूर विमान तर तासाभराचं आहे.

हवेतला तास खरा. विमानतळापर्यंत जाणं, दोन तास आधी पोचणं, उतरल्यावर शहरात येणं हे धरलं की चार-पाच तास होतात. रेल्वे शहराच्या पोटात नेऊन सोडते. साधारण ३०० ते ७०० किमीच्या टप्प्यात हायस्पीड रेल्वे विमानाला भारी पडते, हा जगभरचा अनुभव आहे. त्याहून लांब असेल तर विमान बरं, त्याहून जवळ असेल तर चांगला रस्ता पुरतो.

भाडं किती असतं?

विमानासारखं. दोन महिने आधी काढलं तर परवडतं, उद्याचं आज काढायला गेलात तर डोळे पांढरे होतात. जनरल डबा हा प्रकार नाही.

मधल्या गावांना काय मिळतं?

सोलापूरच्या दृष्टीने खरा प्रश्न हा, म्हणून जरा सविस्तर.

दोन मोठी टोकं ठरलेली असतात. त्यांच्यामधल्या शहरांना स्टेशन मिळतं, पण स्टेशन मिळणं आणि गाडी थांबणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडच्या केंट परगण्यात ॲशफर्डला १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय स्टेशन झालं. पॅरिसची गाडी तिथे थांबू लागली. २००७ मध्ये एब्सफ्लीटचं नवं स्टेशन झालं आणि ॲशफर्डचे थांबे लगेच कमी झाले. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे दोन्ही थांबे बंद केले आणि साथ ओसरून वर्षं गेली तरी ते पुन्हा सुरू झाले नाहीत. इमारत आहे, फलाट आहे, पासपोर्टच्या खिडक्या आहेत, आणि पॅरिसची गाडी समोरून निघून जाते. तिथल्या माणसाला पॅरिसला जायचं तर आधी उलट्या दिशेने लंडन गाठायचं. देशांतर्गत वेगवान गाडी मात्र थांबते, लंडनला अर्ध्या-पाऊण तासात नेते, आणि गावाला खरा उपयोग तिचाच झाला.

मलेशियाच्या आराखड्यात हा विचार निदान कागदावर होता. टोकापासून टोकापर्यंत न थांबणारी सिंगापूर गाडी वेगळी, आणि मलाक्का, मुआर, बातू पहात अशी थांबत जाणारी देशांतर्गत गाडी वेगळी. आपल्या मार्गाबाबतही ‘स्टेशन हवं’ एवढ्यावर समाधान मानू नये. दिवसातून किती गाड्या थांबणार, सकाळी पुण्यात कामावर वेळेत पोचवणारी त्यांत आहे का, आणि संध्याकाळी परतीची कधी, हे विचारायला हवं. हुतात्मा एक्स्प्रेसने वर्षानुवर्षं पुणे गाठणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

भारतातून शेजारी देशात बुलेट ट्रेन जाणार आहे का?

तसा मंजूर मार्ग एकही नाही. साधी रेल्वे आहे किंवा होती. कोलकाता–ढाका मैत्री एक्स्प्रेस १४ एप्रिल २००८ ला सुरू झाली. सुरुवातीला सीमेवर गेदे आणि दर्शना इथे सामान उतरवून तपासणी व्हायची, त्यात तासन् तास जायचे. नोव्हेंबर २०१७ पासून तपासणी दोन्ही टोकांच्या स्टेशनांवर नेली आणि प्रवास एकदम सुटसुटीत झाला. वर लंडनचं जे सांगितलं, त्याची ही घरची आवृत्ती. बांगलादेशातल्या अस्थिरतेमुळे जुलै २०२४ मध्ये ही सेवा थांबली. बिहारमधल्या जयनगरहून नेपाळमधल्या जनकपूरकडे एप्रिल २०२२ पासून गाडी जाते. भूतानसाठी कोक्राझार–गेलेफू ६९ किमी आणि बनारहाट–सामत्से २० किमी असे दोन मार्ग सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले.

पुणे–हैदराबाद मार्ग सोलापुरातूनच जाणार का?

मुंबई–हैदराबाद हायस्पीडचा जो ७११ किमीचा आराखडा आधी अभ्यासला गेला, त्यात पुण्यानंतर दौंडच्या बाजूने अकलूज, पंढरपूर, सोलापूर, मग कलबुर्गी, झहीराबाद आणि हैदराबाद अशी नावं होती. नव्या घोषणेनंतर मार्गाची आखणी भूसंपादनाच्या अधिसूचनेपर्यंत बदलू शकते. पासपोर्ट, वीज, दोन देशांचा तह या कटकटी इथे नाहीत. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा ही तीन राज्यं आहेत, आणि जमीन, खर्चातला वाटा आणि स्टेशनची जागा यांवर तिघांना एकत्र बसावं लागेल. मुंबई–अहमदाबादला दोनच राज्यं होती आणि सप्टेंबर २०१७ च्या पायाभरणीनंतर महाराष्ट्रातली जमीन मिळायला किती काळ गेला, ते पेपरात वाचलं असेलच.

एक गोष्ट मात्र सोलापूरच्या बाजूने भक्कम आहे. हैदराबादशी इथलं नातं कागदावरचं नाही. पूर्व भागातल्या घराघरांत तेलुगू बोलतात, सोयरिकी तिकडे आहेत, सूत आणि चादरींचा व्यवहार तिकडे आहे. प्रवासी कुठून येणार, हा प्रश्न क्वालालंपूरला जसा आकडेमोडीने सोडवावा लागला, तसा इथे लागणार नाही.

स्टेशनजवळ प्लॉट घेऊन ठेवू का?

खासगीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न!

क्वालालंपूरच्या बंदार मलेशिया स्टेशनभोवती मोठं नगर वसवायचा सौदा २०१५ मध्ये झाला, २०१७ मध्ये मोडला, २०१९ मध्ये पुन्हा जुळला आणि २०२१ मध्ये पुन्हा बारगळला. स्पेनमध्ये माद्रिदजवळ ग्वादालाहारा-येबेस हे हायस्पीड स्टेशन २००३ मध्ये गावाबाहेर माळावर बांधलं. शेजारी ३०,००० वस्तीचं नवं शहर आखलं. २००८ च्या मंदीत बांधकामं थांबली आणि कित्येक वर्षं तिथे रिकाम्या रस्त्यांवर दिवे तेवढे लागायचे. उलट जुरोंगमध्ये स्टेशनच्या जागेसाठी गोल्फ क्लबच सरकारने ताब्यात घेतला. म्हणजे जागा अगदी नेमकी हेरली, तरी ती तुमच्याकडे राहील असं नाही.

तरी घ्यायचाच असेल तर आधी सातबारा बघा, बिगरशेतीचा आदेश बघा, जायचा रस्ता नकाशावर आहे का ते बघा. आणि ‘बुलेट ट्रेन स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ असं पत्रक कोणी हातात दिलं, तर त्या स्टेशनचा गट नंबर विचारा.